शेवट आधी सांग

आई, मला भीती वाटते आहे. सुरुवातीलाच सांगून टाकलं, कारण आडवळणानं सांगितलेलं तुला कधीच चालायचं नाही. डाव्या काखेच्या जरा खाली गाठ आहे. तपासण्या झाल्या, सुई घालून आतला तुकडा काढून नेला, आणि उद्या, गुरुवारी, हॉस्पिटलमधून फोन यायचा आहे. इथे परदेशात, फ्लॅट बुश या उपनगरातल्या आमच्या घरात ओट्याशी बसून हे लिहिते आहे. बाहेर लख्ख ऊन पडलंय, शेजारचा लॉनचं गवत कापतोय, पलीकडच्या खोलीत तुझी नात लॅपटॉपवर काहीतरी खटखट करते आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली. ही नात तू पाहिलीही नाहीस, आता ती चौदाची आहे. तरी घाबरलं की पाय अजून तुझ्याकडेच वळतात.

तुझ्या सिनेमा बघण्याच्या तऱ्हेवर अख्खी गल्ली हसायची. आपल्या गावात थिएटर एकच. दिवसभर तू एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारायचीस, आणि शनिवारी ड्यूटी संपली की मला घेऊन थेट थिएटरवर. पण तिकीट लगेच काढायचं नाही. आधीचा खेळ सुटेपर्यंत फाटकाशी उभं राहायचं, बाहेर पडणाऱ्या बायकांमधून एक बरा चेहरा निवडायचा आणि सरळ विचारायचं, "काय हो, शेवट काय आहे?" बायका बिचकायच्या. एकजण म्हणाली होती, "अहो, शेवट सांगितला तर मजा काय राहिली?" तू म्हणालीस, "तुम्ही सांगा तर खरं. मजेचं माझं मी बघते." मी लाजून जाहिरातीच्या फळ्यामागे लपले होते. घरी येताना तुला विचारलं, असं का करतेस, तर तू माझ्याकडेच नवलानं बघितलंस. "मी दिवसभर खिडकीत काय करते? गाडी कुठे जाते हे न विचारता कुणी चढतं का?"

शेवट वाईट आहे म्हणून तू कधी परत फिरली नाहीस, हे मात्र हसणाऱ्यांना माहीत नव्हतं. हिरो मरतो असं कळलं तरी तू तिकीट काढायचीस, मोठा रुमाल हातात तयार ठेवायचीस आणि मनसोक्त रडायचीस. तुला राग यायचा तो फक्त एका गोष्टीचा. पिक्चरभर देवमाणूस असलेला मामा शेवटच्या पाच मिनिटांत खुनी निघायचा, आणि आधी त्याची खूण म्हणून कुठे दिसलेली नसायची. किंवा मेलेल्या भावाचा जुळा भाऊ अचानक दारात उभा राहायचा. मग परतीच्या वाटेवर तुझी गाडी सुरू. "मीठ शिजताना घालायचं असतं. ताटात वाढल्यावर वरून भुरभुरवलं की जिभेला कळतंच." पुढचा आठवडाभर तू त्या मामाला शिव्या घालायचीस, कधीकधी माइक बंद करायचा राहायचा आणि सगळा स्टँड ऐकायचा.

मी आठवीत असताना शाळेच्या अंकासाठी गोष्ट लिहिली, ती आठवते? एक मुलगी एसटी स्टँडवर आईला शोधते आहे. चौकशीची खिडकी रिकामी आहे, माइक नुसताच खरखरतो आहे, आणि विचारावं तर कुणीच थांबत नाही. मी तुला वाचून दाखवत होते आणि तू भाकरी थापत होतीस. थापता थापता तुझे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपून धूर झाला तरी तुला कळलं नाही. मग मी ऐटीत शेवट वाचला, की मुलगी दचकून जागी झाली आणि ते सगळं स्वप्न होतं. तू म्हणालीस, "म्हणजे काहीच झालं नाही?" मी म्हटलं, "नाही ना." तू उलथन्यानं ती काळी भाकरी उचललीस आणि माझ्यापुढे धरलीस. "मग माझा जीव कशाला टांगणीला लावलास? भाकरी करपली ती खरी करपली ना? हा शेवट नव्हे, ही पळवाट आहे. ज्याला शेवट करायची भीती वाटते तो माणसाला झोपेतून उठवतो." मी मुसमुसत गोष्ट परत लिहिली. तेव्हापासून असा शेवट दिसला की माझं डोकं फिरतं. नवऱ्याबरोबर मी टीव्हीसमोर बसले की तो आधीच रिमोट लपवतो.

इथे शिकायला आले तेव्हा मी पापाटोएटो नावाच्या उपनगरात तीन मुलींबरोबर राहायचे, ट्रेननं शहरात कॉलेजला जायचे आणि उरलेल्या वेळात एका डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, गल्ल्यावर उभी राहायचे. तिथलंच कॉलिंग कार्ड घेऊन दर रविवारी तुला फोन. कार्ड कधी दगा देईल त्याचा नेम नसायचा, वाक्य अर्धं असताना फोन कट. म्हणून आठवड्यात पाहिलेला पिक्चर सांगायला घेतला की तू ओरडायचीस, "शेवट आधी सांग, मग कार्ड संपलं तर संपू दे." मी उलट्या क्रमानं पिक्चर सांगायला शिकले. मग दुसऱ्या वर्षी कधीतरी तू बदललीस. मी शेवटापासून सुरुवात केली तर म्हणालीस, "शेवट राहू दे गं. पुढच्या रविवारी सांग." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी फ्लॅटमधल्या मुलींना सांगितलं, आमची आई सुधारली, आता ती चारचौघांसारखे पिक्चर बघते. आम्ही हसलो होतो.

आणि मग परीक्षा संपल्याच्या आठवड्यात डेअरीच्या फोनवर बाबा. मी फ्रिजमध्ये दुधाच्या बाटल्या लावत होते. बाबा म्हणाले, आई गेली. म्हणाले, पोटात होतं, सहा-सात महिने झाले, तुझी परीक्षा होती म्हणून तिनंच कळवू दिलं नाही. दुकानाच्या मालकानं माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि मला स्टुलावर बसवलं. मला आधी रडू आलं नाही, आई, मला राग आला. आयुष्यभर शेवट आधी विचारत फिरलीस, आणि स्वतःचा मला असा दिलास, वरून भुरभुरवलेला. जुळ्या भावाला नावं ठेवायचा तुला काय अधिकार होता? हा राग मी बरीच वर्षं सांभाळला. तुझ्या फोटोला हार घालतानाही तो होताच.

आता माझी पाळी आली तर घरात तेच ठरलं, लेकीला कळवायचं नाही. नवरा म्हणाला, "अगं, तिची असेसमेंट्स चालू आहेत. रिझल्ट येऊ दे, मग बघू. उगाच कशाला तिला टेन्शन?" तो वाईट हेतूनं म्हणाला नाही, तोही घाबरलाय, रात्रीतून उठून पाणी पितो. आणि मी, जिला हे असं नको होतं, ती हो म्हणाले. हॉस्पिटलचे फोन गराजमध्ये जाऊन घेतले. लेकीनं विचारलं तर सांगितलं, ऑफिसचा कॉल आहे. खोटं बोलायला फारसं काही लागत नाही, गराजचं दार तेवढं बंद करायचं.

तिच्या शाळेत मीडिया स्टडीज म्हणून विषय आहे. त्यासाठी तिला छोटी फिल्म करायची होती. गेले पंधरा दिवस ती फोन घेऊन घरभर माझ्या मागे. "आई, जस्ट मेक चाय. डोन्ट लुक ॲट मी." गोष्ट काय आहे ते सांगायला तयार नाही. मी विचारलं, "अगं, निदान शेवट तरी सांग," तर म्हणाली, "नो स्पॉयलर्स." आज शाळेतून आली आणि म्हणाली, रेडी आहे, बघ.

आई, ती फिल्म माझ्या घराची होती आणि मला ती बघवेना. एक मुलगी शाळेतून घरी येते. दारात आईच्या जँडल्स आहेत, रबरी सपाता गं, इथे जँडल्स म्हणतात. किटलीतून अजून वाफ येते आहे. ओट्यावर फोन थरथरतो आहे आणि कुणी उचलत नाही. मुलगी एकेक दार उघडत जाते आणि हाका मारते, "आई? आई, कुठे आहेस?" तुला सांगते, ही मुलगी मला जन्मात मराठीत उत्तर देत नाही. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्लिशमध्ये सांगायचं, असाच आमचा संसार. आणि इथे ती मराठीत हाका मारत होती, आवाज बारीक होत होता, आणि शेवटच्या दारामागे माझा पलंग होता, नीट आवरलेला, त्याच्यावर कुणी नव्हतं. मी खुर्चीची कड घट्ट धरली. आणि पुढच्या क्षणी ती मुलगी सोफ्यावर जागी होते. ओट्याशी मी चहा गाळते आहे. मी वळून म्हणते, "उठलीस का?" संपलं.

मी भडकलेच. भीती गेली की माणसाला आधी राग येतो, तुझ्यावरूनच शिकले. "म्हणजे काहीच झालं नाही?" मी म्हटलं. "मला इतकं घाबरवलंस आणि शेवटी म्हणतेस स्वप्न? दॅट्स चीटिंग. तुझी आजी असती ना, तर म्हणाली असती, ज्याला शेवट करायची भीती वाटते तो माणसाला झोपेतून उठवतो."

तिनं लॅपटॉप मिटला, मग परत उघडला. मग म्हणाली, "आय नो इट्स लेम, आई. बट आय ॲम स्केअर्ड. सो?"

मी विचारलं, कशाला घाबरतेस.

"थर्सडे," ती म्हणाली. "आय नो अबाउट थर्सडे. यू मेड हीप्स ऑफ आमटी. द फ्रीझर इज फुल. बाबांना वरणभात शिकवलास, ही कान्ट इव्हन मेक टोस्ट. अँड यू टॉक इन द गराज, आय कॅन हिअर. हू टॉक्स इन द गराज?"

आमटीचे डबे मी का भरत होते हे मलाही धड माहीत नव्हतं, पण तिनं ते बरोबर ओळखलं होतं. आणि मग, आई, फ्रीझरवरून माझं मन थेट तुझ्या त्या पार्सलवर गेलं. शेवटच्या वर्षी तू गोडा मसाला पाठवलास तो इतका, की कस्टम्सच्या माणसानं मला विचारलं, रेस्टॉरंट आहे का तुझं. मी तुला फोनवर झापलं होतं. आणि ते तुझं "शेवट राहू दे, पुढच्या रविवारी सांग". जी बाई शेवट विचारल्याशिवाय तिकीट काढत नव्हती, ती शेवट पुढे ढकलत होती, म्हणजे पुढचा रविवार मागून घेत होती. मीठ शिजतानाच घातलं होतंस तू. मलाच चव कळली नाही. माझ्या लेकीला कळली, ती तुझ्यावर गेली आहे.

मग मी तिला सगळं सांगितलं. गाठ कुठे आहे, सुई किती दुखली, उद्या कोण फोन करणार. तिनं विचारलं, "आर यू गोइंग टु डाय?" मी म्हटलं, "माहीत नाही गं. मलाही शेवट माहीत नाही." खोटं बोलले असते तर तिला लगेच कळलं असतं. ती माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली, डावीकडे बसायला भ्याली. आम्ही दोघी रडलो. उद्या ती शाळेत जाणार नाही, नवऱ्याला मी फोन करून सांगितलं, तो नुसता "बरं" म्हणाला आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

उठताना तिनं डोळे पुसत विचारलं, "सो, शुड आय चेंज द एंडिंग?"

आई, हे तुझ्यासमोर सांगायची माझी छाती झाली नसती, आणि हे पत्र कुठे जाणार नाही म्हणूनच सांगते आहे. मी म्हटलं, "राहू दे. तसाच ठेव." उद्या फोन वाजेल, कुणीतरी बाई इथल्या पद्धतीनं "कीआ ओरा" असा नमस्कार करेल, माझी जन्मतारीख विचारेल, आणि मग तिनं म्हणावं की काही नाही, काहीच नव्हतं. मला तोच शेवट हवा आहे. पळवाट तर पळवाट. भाकरी करपली तर करपू दे. तू चिडशील, पण या एका वेळेला मला झोपेतून उठव.