थोरली धाकटीच्या हाती

मी, खाली सही करणारा विमानाच्या इंजिनांचा मिस्त्री, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्याच हट्टाने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नीने तो दोनदा वाचून पाहिला. त्यात हृदयाबद्दलही काही लिहिले आहे, त्याचा इथे संबंध नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीची. या घराच्या स्वयंपाकघरात मी अकरा वर्षे कार्ब्युरेटर उघडून बसलो आणि तिने ओट्याच्या एका कोपऱ्यात संसार केला. आता सगळा ओटा तिचा.

२. पाने, पकडी, हातोड्या शेडमधल्या मिस्त्र्यांनी वाटून घ्याव्यात. उसने मागायला कोणी आला तर माझे नाव सांगून नाही म्हणावे.

३. माझा कॉम्प्रेसर धाकट्या भावाकडे दोन दिवसांसाठी गेला, त्याला एकोणीस वर्षे झाली. तो त्याने ठेवून घ्यावा. याहून जास्त त्याला काही मिळणार नाही, कारण कलम पाचमध्ये आहे.

४. शेडमधले युद्धकाळातले एकाच आसनाचे लढाऊ विमान, बारा सिलिंडरचे. मी ते भंगारातून उचलले तेव्हा त्याच्या पंखाखाली कोंबड्या राहत होत्या. मुलीच्या जन्माआधीपासून ते आमच्या मागे लागलेले, म्हणून पत्नी त्याला थोरली म्हणते आणि मुलीला धाकटी. आज हवाई प्रदर्शनात भाड्याचा वैमानिक थोरली डोक्यावरून घेऊन गेला की लोक हातातले टाकून वर बघतात. असे काम दुसऱ्या कोणाला जमले असते असे मला वाटत नाही, आणि उगाच नम्रपणा करायचे माझे वय राहिलेले नाही.

थोरली मी धाकटीला देतो. भाऊ म्हणतो तसे संग्रहालयात दोरीच्या आत उभे करून तिच्यावर धूळ बसू द्यायची नाही. ती उडाली पाहिजे, आणि धाकटीनेच उडवली पाहिजे. धाकटी मात्र गेली नऊ वर्षे विमानात चढलेली नाही. ती लोकांना मोटार चालवायला शिकवते.

५. नऊ वर्षांपूर्वी भर प्रदर्शनात थोरलीचे इंजिन बंद पडले. धाकटीने थोरली चाके आत ठेवूनच मोकळ्या शेतात पोटावर उतरवली. इतके सुरेख उतरणे मी जन्मात पाहिले नाही. त्या दिवशी वजन कमी ठेवायला डावी टाकीच भरली होती, उजवीत तळाला उरलेले पेट्रोल होते. चौकशीत निघाले की टाकी निवडण्याची मूठ उजवीकडे होती, म्हणजे चूक वैमानिकाची. धाकटी सांगत राहिली की मी डावीकडेच फिरवली होती. मी म्हणालो, "घाईत हात चुकतो, बाळा." तिने ते मानले, कारण सांगणारा बाप होता.

चूक माझी होती. आदल्या दिवशी मूठ साफ करून मी ती उलटी बसवली. दांड्यावर ती सुलटी बसते तशी उलटीही बसते, म्हणून बसवल्यावर तपासायची असते. चाळीस वर्षे हात काळे केलेल्या मिस्त्र्याला तपासायची गरज वाटली नाही. मूठ डावीकडे दाखवत होती आणि इंजिन उजवीतले पीत होते. शेतात सर्वांत आधी मी पोचलो. तिला बाहेर काढले, पाणी दिले आणि चौकशीवाले येण्याआधी मूठ काढून सुलटी बसवली, म्हणून त्यांना ती उजवीकडे दिसली. भाऊ चारचौघांत म्हणाला, बाईच्या हाती विमान दिले की असेच व्हायचे. मी मूग गिळून बसलो. मला त्याची रोज लाज वाटते.

~~माझ्या मृत्यूनंतर~~ हे कलम प्रदर्शनात माईकवरून वाचावे.

६. वरचे शब्द का खोडले ते सांगतो. इथवर लिहून मी कागद साक्षीसाठी इंधनाच्या टँकरवाल्याकडे नेला. डावी टाकी त्यानेच भरली होती. त्याने सगळे वाचले आणि पेन मला परत दिले.

"मेल्यावर खरं बोलायला काय लागतं, मिस्त्री? आधी पोरीला फोन करा, मग सही."

मी त्याला नाही नाही ते बोललो. तो टँकरच्या पायरीवर बसून राहिला. शेवटी त्याच्यासमोरच फोन लावला आणि कलम पाच शब्दन् शब्द वाचून दाखवले. धाकटी शिकवणीच्या गाडीत होती. तिने शिकणाऱ्याला गाडी कडेला घ्यायला सांगितलेले मला ऐकू आले. मग हातब्रेक ओढल्याचा आवाज आला. मी फोन ठेवला नाही.

"नऊ वर्षं मी माझ्याच हातावर विश्वास ठेवला नाही, बाबा."

मी माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच मागितली, त्यामुळे नीट जमली नसावी. तिने माफ केले असे म्हटले नाही. परवाना पुन्हा मिळवायला किती दिवस लागतील ते विचारले. मी म्हणालो, वर्षभर.

"मग पुढच्या प्रदर्शनात मी वर असेन. खाली माईकवर तुम्ही स्वतः वाचायचं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला ते ऐकायचं नाही."

सबब, पुढील वर्षीचे प्रदर्शन पार पडेपर्यंत मरण्याचा मला अधिकार नाही, हे मी राजीखुशीने मान्य करतो.

सही: इंजिन मिस्त्री (खाडाखोडीवरही सही केली आहे)

साक्षीदार:
१. इंधन टँकरचा चालक (फोन झाल्यावर सही केली)
२. प्रदर्शनाचा निवेदक (माईक देण्याचे कबूल)

स्थळ: विमानाची शेड, पंखाखालचे टेबल
दिनांक: १४ मार्च, शुक्रवार