न शिवलेलं पोलकं

कोल्हापूर, बुधवार, ११ मार्च १९५३

गल्लीतल्या सुशीला उद्या मलकापूरचे लोक बघायला येणार, आणि तिच्या पोलक्याचा हिरवा खण अजून माझ्या यंत्राशेजारी न कापलेला. तिच्या आईनं तो आला तसाच उचलला.

"तू व्हय म्हणालीस म्हणून दुसरीकडं टाकलं न्हाय की! जमत न्हाय म्हणाली असतीस, तर खाल्लं असतं का तुला?"

सुशी उद्या जुनं, विटलेलं पोलकं घालून बसेल.

मी खोटं बोलले नव्हते. होईल असंच वाटलं होतं. पण आधीची चार पडून असताना कसं वाटलं? दारी आलेल्याला नाही म्हणू नये, हे आईनं शिकवलं. शिवणही तिनंच. त्या हिरव्या खणाला निदान कात्री लावली असती तर... नको, मग तर तो परतही देता आला नसता.

हातातलं संपल्याशिवाय नवं घ्यायचं नाही, असं ठरवलं. दिवेलागणीला समोरच्या काकू कापड घेऊन आल्या.

"शनिवारपर्यंत देशील ना गं?"

मी "बघते" म्हणाले. त्यांनी तो होकारच धरला, आणि मी काही बोलले नाही.