यंत्र चुकलं नव्हतं

पप्पा, यंत्र चुकलं नव्हतं. तुम्ही उशीर केला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली तरी मी मनात हेच भांडण भांडत राहिले, आणि मागच्या महिन्यात ते परत पेटलं. एका संग्रहालयात खरंखुरं बॉम्बसाइट बघितलं, विमानातून बॉम्बचा नेम धरायचं यंत्र, दुसऱ्या महायुद्धातलं. काचेच्या पेटीत ठेवलेलं, काळं, आईच्या शिलाई मशीनच्या मुंडक्याएवढं, बाजूला फिरवायच्या खुंट्या. मैत्रिणी कंटाळून कँटीनला गेल्या, मी काचेला नाक लावून उभी. विमानाच्या नाकात बसलेला माणूस उंची, वेग सगळं त्यात भरायचा, दुर्बिणीतली फुली टार्गेटवर धरून ठेवायचा, आणि बॉम्ब कधी सुटणार ते यंत्र ठरवायचं. शेवटी शेवटी तर पायलट कंट्रोलवरचे हात काढून घ्यायचा. विमानसुद्धा त्या खुंट्यांनीच वळायचं. हे वाचलं आणि मला तुमचा इतका राग आला! पायलट हात काढून घ्यायचा, पप्पा. तुम्हाला एक सेकंद जमलं नाही.

आणि शिकवलं कुणी होतं मला? तुम्हीच. पहाटे लातूरहून निलंग्याकडं निघणारी पेपरची पिकअप, मागं गठ्ठ्यांमध्ये तुम्ही उभे. केबिनच्या टपावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. पण छोट्या फाट्यांवर तुम्ही थांबवायचाच नाहीत. चहाचं हॉटेल यायच्या आधीच गठ्ठा सोडायचात आणि तो बरोब्बर बाहेरच्या बाकड्यावर जाऊन पडायचा. त्या वेळी बाकडं रिकामंच असायचं. सुट्टीत मला सोबत न्यायचात. आधी का सोडता विचारलं तर म्हणालात, "अगं माय, गठ्ठ्याला ब्रेक न्हाई. गाडीचा पळ त्याच्या अंगात ऱ्हातो." माझ्या इंग्लिश मीडियमच्या फिजिक्सच्या पुस्तकात हे इतकं सोपं नव्हतं. पुढं नेटवर बॉम्बसाइट सापडलं तेव्हा मी उडालेच. हे तर पप्पांचं काम! मग शाळेच्या प्रदर्शनासाठी मी माझं बनवलं. पाइपचा तुकडा, तोंडाला आईच्या रिळातले दोन दोरे आडवे-उभे, खाली कोनमापक. गाडी ठरलेल्या स्पीडला असताना बाकडं ठरलेल्या कोनावर आलं, की सोडायचं. आठ दिवस आपण रद्दीच्या गठ्ठ्यावर प्रॅक्टिस केली. कधी अलीकडं पडायचा, कधी पलीकडं. ड्रायव्हर मामा केबिनमधून ओरडायचे, "ओ बाँबवाली, माझ्या टकुऱ्यात नको घालू!" तुम्ही हसायचात. शेवटी म्हणालात, "उद्या खरा गठ्ठा. तू म्हणशील तवा सोडतो." शब्द दिला होता तुम्ही.

दुसऱ्या दिवशी नुकतं उजाडलेलं. मी गठ्ठ्यांवर गुडघे टेकून, डोळा नळीला. फाटा येतोय. स्पीड बरोबर, कोन बरोबर, फुली बाकड्यावर. मी ओरडते, "सोडा!" आणि तुम्ही सोडतच नाही. गठ्ठा तुमच्या हातात तसाच. बाकडं मागं जातं, मग कुठं तुम्ही सोडता, आणि तो जाऊन पडतो पुढं ठेवलेल्या दुधाच्या कॅनवर. सगळं दूध रस्त्यावर. हॉटेलवाला धावत येतो, "आरं, डोळे फुटले का तुमचे? सकाळच्या पारी!" आणि तुम्ही खाली उतरून, हात जोडून म्हणता, "पोरीचं यंत्र चुकलं, भाऊ."

माझ्यासमोर. मामांसमोर. मामा तर महिनाभर गल्लीत सांगत फिरले, "इंग्लिश शाळेचं यंत्र, डायरेक दुधात!" घरी आल्यावर तुम्ही काय केलं? नळी उंबऱ्यावर ठेवली आणि पायानं मोडली. कोनमापक चुलीत. प्रदर्शनाला दोन दिवस होते. मी तुमचा शर्ट धरून रडले, "उशीर तुम्ही केला, मग माझं का मोडलं? सांगा की!" तुम्ही माझ्याकडं बघितलं पण नाही. म्हणालात, "तुला म्हाईत हाय."

काय माहीत आहे? दोन वर्षं आपण त्यावर एक शब्द बोललो नाही. मग तुम्ही गेलातच, भांडण अर्धं टाकून. मी मोठी झाले, कॉलेजात तेच गणित नीट करून बघितलं, वाऱ्यासकट. दर वेळी उत्तर तेच. माझा कोन बरोबर होता. तुम्ही ठरल्या जागी सोडलं असतं तर गठ्ठा बाकड्याच्या मधोमध पडला असता. मधोमध, पप्पा! हे मी कुणाकुणाला सांगितलं नसेल. सगळे म्हणतात, बिचारी, बापानं पोरीचं नाव खराब केलं.

हे आईला वाचून दाखवणार नाही. ती विचारेल, त्या दिवशी बाकडं रिकामं होतं का गं. अजून कुणीच विचारलं नाही मला.

बाकड्यावर एक म्हातारी बसली होती. घोंगडी पांघरून, रस्त्याकडं पाठ करून, पहिल्या गाडीची वाट बघत. तुम्हाला दिसली तशी मलाही दिसली. नळीत, दोन्ही दोऱ्यांच्या बरोब्बर फुलीवर तिची पाठ. आठ दिवसांत इतकं परफेक्ट कधीच आलं नव्हतं, म्हणून मी ओरडले, "सोडा."