काजळी पुसलेली न्हाई

दादा,

तू उठायच्या आत निघालोय, कारण समोर असतास तर जाऊ दिलं नसतंस. बोटीची चावी माझ्याकडं हाय. दुसरी सापडली तरी इंजिन चालू करू नको, धूर मागं पाण्यात सोडणारा बिडाचा बेंड मी काढून घेतलाय. आजची गिऱ्हाइकांची पार्टी शेजारच्या गुंडाभाऊच्या बोटीत बसव.

काल इंजिनाची पेटी उघडली तर बेंडाला ही मोठी चीर आणि भोवती सगळी काजळी. धूर पाण्यात जातच नव्हता, मागच्या सीटखाली कोंडत होता. वरनं थंडी म्हणून आपण ताडपत्री चहूबाजूंनी बांधलेली. गिऱ्हाईक पुढं आणि घरचं माणूस मागं, ही आपली रीत. तू स्टेअरिंगवर असायचास. मागं रोज कोण बसायचं ते आठव.

वहिनीचं डोकं दुखायचं, मळमळायचं. आपण म्हणायचो, दुष्काळी कवठे महांकाळची पोरगी, हिला पाणी सोसत न्हाई. आई लिंबू हुंगायला द्यायची. आणि चक्कर येऊन पडली तवा तू लोकांसमोर म्हणालास, "नाटकं बंद कर." दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. तवापासनं घरात तिचं नाव कुणी काढत न्हाई.

बेंडाचं वेल्डिंग साताऱ्यातबी झालं असतं. तरी मी मिरजेला चाललोय, तिथनं कवठे महांकाळ जवळ पडतं. फोन कर, पण ओरडू नको.

बेंड पिशवीत हाय. काजळी पुसलेली न्हाई. आधी वहिनीला दाखवणार, मग वेल्डरला.

साईराज