पुढं सोमलिंग, मागं मी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

माळावर अकरा माणसं नेली, नऊ परत आणली. उरलेली दोन दुपारी फाट्यावर सापडली — भजी खात होती.

चूक माझीच. कॉलेजच्या उत्कर्षा मॅडमनी माळरानावर साडेतीन किलोमीटरची पायवाट आखली, दगडांवर पिवळे बाण काढले आणि दर रविवारी माणसं फिरवून आणायचं काम मला दिलं. म्हणाल्या, "बाळासो, तुम्ही एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. तुम्हाला माणसं सांभाळायची सवय आहे." आहे की. पण मागं उभं राहून! पाय आपोआप मागं गेले. पुढं कोणीच नव्हतं.

४ नोव्हेंबर

मॅडमचं म्हणणं — पुढं चालायला एक माणूस बघा. डिसेंबरात शाळांच्या सहली येतील. परत कोणी हरवलं तर पायवाट बंद.

पुढचा माणूस मला एकच माहीत आहे. सोमलिंग. बावीस वर्षं तो स्टिअरिंगला, मी घंटीच्या दोरीला. तीन वर्षं बोलणं नाही.

५ नोव्हेंबर

गाडी मागं घेताना कंडक्टरनं खाली उतरून मागं उभं राहायचं. आडवं काही आलं की शिट्टी मारायची. तीन वर्षांपूर्वी एका दिवशी आमची गाडी मागं आली आणि हॉटेलची भिंत पाडली. कोणाला लागलं नाही. चौकशीत माझा जबाब — शिट्टी मारली, ड्रायव्हरला ऐकू गेली नाही. सोमलिंग गप्पच राहिला. ठपका त्याच्यावर आला. शेवटची दोन वर्षं त्यानं डेपोत गाड्या धुतल्या. गावात पोरं त्याला भैरा म्हणतात.

कागदावर असंच आहे.

६ नोव्हेंबर

त्याच्या बायकोकडं, कमलम्माकडं निरोप ठेवला. ती म्हणाली, "घेऊन जावा. घरात बसून माजं डोकं खायलाय."

९ नोव्हेंबर, रविवार

आला! माझ्याकडं बघितलं नाही. सरळ पुढं जाऊन उभा राहिला. मी डबल बेलसारख्या दोन शिट्ट्या दिल्या, तो चालायला लागला.

बाभळीपाशी हात वर करून थांबला. "सुम्मनिर," म्हणाला, कानडीत. माणसं गप्प झाली. "डावीकडं तितर हायत. दोन." आम्हाला काही म्हणजे काही ऐकू येईना. पाच मिनिटांनी गवतातून तितर निघाले. दोन.

माझ्या मोज्यात कुसळं शिरली होती, ती काढत बसलो.

१६ नोव्हेंबर, रविवार

टिटवी. लावरी. वाळल्या गवतातून चाललेली घोरपड. सगळं त्यानं आधी ऐकलं, मग आम्ही पाहिलं. मॅडम वहीत लिहून घेत होत्या. "सोमलिंगकाका, तुमचे कान फार तिखट आहेत हो."

"व्हय." एवढंच. मान माझ्याकडं वळवून.

मी परत माणसं मोजायला लागलो.

१७ नोव्हेंबर

जेवण गेलं नाही. बायको, विजयमाला, म्हणाली, "पोटात काय हाय ती भाईर पडू द्या." मला वाटलं हिला कळलं. तर ओव्याचं पाणी घेऊन आली. पाजलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज सांगायचंच ठरवलं होतं. पण तो पुढं, मी मागं, आणि मध्ये सव्वीस माणसं. परत आल्यावर कमलम्मा त्याला न्यायला उभी होती.

सबबी मला कधी कमी पडल्या नाहीत.

२९ नोव्हेंबर

निदान इथं तरी लिहितो. शिट्टी मारली नव्हती. खाली उतरलो होतो, पण गाडीकडं पाठ करून भजी घेत होतो. गरम होती. शिट्टी खिशात. तो माझ्या भरवशावर मागं येत राहिला. नोकरी जाईल म्हणून मी खोटं बोललो. त्याची गाडी गेली, माझी राहिली. लाज वाटते.

३० नोव्हेंबर, रविवार

माणसं गेल्यावर त्याच्याजवळ बाणाच्या दगडावर बसलो. सगळं सांगितलं. भजीसकट.

तो बुटातली कुसळं काढत राहिला. मग म्हणाला, "शिट्टी वाजलीच न्हाय, ही मला तवाच ठाऊक. माजं कान चांगलं हायत की."

"मग तीन वर्षं बोलला का न्हाईस?"

"बेल कंडक्टरनं द्यायची असती."