पिठासकट काठवट

मंगळवार, संध्याकाळ

आज सूड उगवला. लाज वाटायला हवी का? वाटत नाही.

स्तनाचा कॅन्सर मणक्यात उतरला आणि मी अंथरुणाला खिळले, तेव्हा धाकटी जाऊ भेटायला आली. जाताना माझी भाकरीची काठवट घेऊन गेली. म्हणाली, "अक्का, आता तुमाला कुटं जमतंय? मी नेते की." मी अजून जिवंत होते!

मग डॉक्टरांनी पाठीत सुई घालून मणक्यातली गाठ जाळली, पोकळीत हाडाला लावायचं सिमेंट भरलं. टाकासुद्धा नाही. दुखणं गेलं. आजार गेलेला नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आज लेकीला घेऊन, जिना उतरून जावेच्या दारात उभी राहिले. ती पीठ मळत होती, माझ्याच काठवटीत. दचकलीच. "धुऊन देते की, अक्का."

"नको. पिठासकट दे."

माझे किती दिवस राहिलेत, याचा हिशेब तिच्या डोळ्यांत दिसला. मग तिच्यासमोरच लेकीला बजावलं, "मी गेल्यावर ही काठवट भांडी घासणाऱ्या शांताला द्यायची."

जावेच्या पिठाच्या चार भाकऱ्या झाल्या. ओट्याशी उभी राहून थापल्या. लई गोड लागल्या.