पंधरावा माणूस

हार्लो ग्रोव्ह, आयोवा
११ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय बाबा,

तुमचा गुडघा कसा आहे? आत्याच्या घराला जिने फार, म्हणून आधी तेच विचारते. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडी इतकी की काल आपला पिकअप ट्रक चालूच होईना. शेवटी व्हर्लिन काकांनी त्यांच्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडून चालू करून दिला. रविवारी आईने खिमा-राजम्याची चिली केली, सोबत दालचिनीचे रोल. सवयीने तिघांचं केलं. उरलेलं आम्ही सोमवारी खाल्लं आणि मंगळवारीही. पेनी रोज दुपारी साडेतीनला खिडकीशी जाऊन बसते, तुमची शिफ्ट सुटायच्या वेळेला. कारखाना बंद आहे हे कुत्रीला कोण समजावणार!

कारखाना आता तेवीस तारखेला पुन्हा सुरू होतोय. व्हर्लिन काका विचारत होते, "डेल्मर येणार ना कामावर? का बहिणीच्या हातचा ॲपल पाय खाऊन तिकडेच फुगणार?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, बाबा.

लव्हॉन आत्या, हे पत्र तू बाबांना मोठ्याने वाचून दाखव. मध्येच ते उठून गॅरेजमध्ये गेले, तर तू तिथे जाऊन वाच. आणि काही गाळू नकोस. मी वाईट दिसेन म्हणून तर मुळीच गाळू नकोस.

एक बातमी तुम्हांला रेडिओवर कळलीच असेल. आमचे गव्हर्नर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीतून बाहेर पडले. प्रचार कार्यालयातून फोन आला, तेव्हा मी त्यांची पत्रकं घड्या करत बसले होते. फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या कष्टांबद्दल आभार. उरलेले फलक आणून द्या. आता आपण सगळ्यांनी सिनेटरांच्या मागे उभं राहायचं, पक्ष एक दिसला पाहिजे." चार महिने मी तीनशे बारा दारं वाजवली होती. मला वाटलं होतं मी रडेन. रडू आलं नाही. मला फक्त तुम्ही आठवलात, शाळेच्या व्यायामशाळेत, हातात टोपी घेतलेले.

त्या संध्याकाळबद्दल मी दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा पेनीबद्दलच लिहीत राहिले. आज लिहिते.

आत्या, तुमच्या इलिनॉयमध्ये माणूस कागदावर खूण करतो, पेटीत टाकतो आणि घरी जातो. आमच्याकडे तसं नाही. आम्ही पक्षाच्या सभेत सगळ्या शेजाऱ्यांसमोर आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहतो. शंभरात पंधरा माणसं जमली नाहीत, तर तो गट मोडतो. मग त्यांनी दुसरीकडे जायचं, नाहीतर दुसऱ्या कोपऱ्यातून कुणालातरी ओढून आणायचं. गव्हर्नरांच्या कोपऱ्याची प्रमुख मी होते. अध्यक्ष अर्थातच आर्लिस बाई, पोस्टातून निवृत्त झाल्या तरी आवाज तोच, आणि त्या दिवशी गळ्यात शिट्टीही.

बाबा, त्या दिवशी सकाळी मी तुमच्या मागे लागले होते. "तुम्ही आयुष्यात एकदाही सभेला आला नाहीत. माझ्यासाठी या." तुम्ही म्हणालात, "बघू." सातला दार बंद होणार होतं. मी सारखी बाहेर बघत होते. आर्लिस बाईंनी हात कडीला लावला आणि तेवढ्यात तुमच्या ट्रकचे दिवे वळताना दिसले. मी ओरडले, "थांबा! अजून एक आहे!" बाईंनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं. तुमचं नोंदणीचं कार्डही त्यांनी स्वतःच भरलं, तुम्ही खाली सही केलीत.

आणि मग तुम्ही माझ्याकडे बघून हसलात आणि सरळ सिनेटरांच्या कोपऱ्यात गेलात, कारखान्याच्या लोकांत.

सभेला चौऱ्याण्णव माणसं भरली. म्हणजे गट टिकायला पंधरा हवीत. माझ्याकडे चौदा होती. व्हर्लिन काका पलीकडून ओरडले, "ए पदवीधर! त्र्याण्णव असते तर चौदांत भागलं असतं की गं! दार कुणी उघडं ठेवायला सांगितलं?" सगळे हसले. चेष्टाच होती ती. तुम्हीही हसलात. मला मात्र कानांत पाणी गेल्यासारखं झालं.

जुळवाजुळवीला अर्धा तास असतो. मी थेट तुमच्याकडे आले. पुढचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिते, कारण आईला मी ते थोडं सौम्य करून सांगितलंय.

मी म्हटलं, "बाबा, चला. एकच माणूस कमी आहे."

तुम्ही म्हणालात, "मी विचार करून उभा आहे, रेने."

"कसला विचार? सगळे मित्र इथे आहेत म्हणून उभे आहात तुम्ही."

"तसं नाही. मागे कारखान्यात संप झाला होता ना, तेव्हा हा माणूस..."

मी तुम्हांला पुढे बोलू दिलं नाही. मी म्हटलं, आणि हळू नाही म्हटलं, "तुम्हांला काय कळतं त्यातलं? त्याच्या पत्रकातलं एक अक्षर तरी वाचता येतं का तुम्हांला?"

आपल्या घरात "बाबांचा चष्मा हरवलाय" हे वाक्य मी बोलायला लागल्यापासून ऐकत आले. हॉटेलात, बँकेत, माझ्या शाळेत. तुमच्या डोळ्यांना कधीच काही झालेलं नव्हतं. आपण तिघांनी जपलेली ती गोष्ट मी चौऱ्याण्णव माणसांसमोर सांगून टाकली. एका मतासाठी.

तुम्ही टोपी काढलीत. परत घातलीत. मग बास्केटबॉलच्या मैदानाची मधली रेघ ओलांडून माझ्या कोपऱ्यात येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "मोज."

मी मोजलं. हेच मला लिहायचं होतं, बाबा. बोलले ते रागात बोलले, असं मी स्वतःला अनेकदा सांगितलं. पण मोजताना मला राग नव्हता. तुमच्या खांद्याकडे बोट करून मी "पंधरा" म्हणाले, आर्लिस बाईंनी लिहून घेतलं, मी सही केली. आमचा गट टिकला. जिल्ह्याच्या सभेसाठी एक प्रतिनिधी मिळाला आणि लोकांनी मलाच निवडलं. टाळ्याही वाजल्या, थोड्या. तुम्ही तोवर ट्रकमध्ये जाऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बसने मोलीनला आत्याकडे निघून गेलात.

मी आर्लिस बाईंकडे गेले. म्हटलं, तो पंधरावा माणूस खोडा, प्रतिनिधिपद परत घ्या. त्या म्हणाल्या, "आकडा सही होऊन गेला, पोरी. आणि त्यात दुसरी चौदा माणसं आहेत, ती काय तुझ्या पश्चात्तापासाठी उभी होती का?" मग त्यांनी मला बसवलं, कॉफी दिली आणि जे सांगितलं ते तुम्हांला कळवावं की नाही याचा मी आठवडाभर विचार केला. कळवायचं ठरवलं.

त्या म्हणाल्या, "तीस वर्षं मी पोस्टाच्या खिडकीत बसले. डेल्मरचे सगळे कागद मीच भरले. तुला काय वाटतं, त्या चष्म्यावर माझा विश्वास बसत होता? अगं, सगळ्या गावाला माहीत आहे. फक्त कुणी बोलत नाही, इतकंच. आम्हांला माहीत नाही असं त्याला वाटतंय ना, मग वाटू दे, असं आमचं सगळ्यांचं चाललं होतं."

मी विचारलं, "मग आता?"

"आता काय? तेच. तो दुकानात आला की आम्ही 'डेल्मर, थंडी काय म्हणते?' असंच विचारणार. मान खाली घालून फिरायची वेळ त्याच्यावर नाही आली. तुझ्यावर आली आहे."

आणि व्हर्लिन काकांनी सांगितलं ते असं. पाचही उमेदवारांचे सगळे वादविवाद तुम्ही ट्रकच्या रेडिओवर ऐकलेत. निवृत्तिवेतनावर कोण काय म्हणालं, कोणाने डिसेंबरात शब्द फिरवला, हे जेवणाच्या सुट्टीत तुम्ही सगळ्यांना सांगायचात. "आम्ही वाचतो आणि विसरतो," काका म्हणाले. "तुझा बाप ऐकतो आणि लक्षात ठेवतो. अर्धी शिफ्ट त्याचं ऐकून त्या कोपऱ्यात आली होती." म्हणजे तुम्ही मित्रांमागे गेला नव्हता. मित्र तुमच्या मागे आले होते. मी पदवी घेऊन घरी आले तेव्हा तुम्ही ती भिंतीवर लेव्हलची पट्टी लावून सरळ टांगलीत आणि आईकडून दोनदा वाचून घेतलीत. मला वाटलं, या घरात विचार करायला आता मी आले आहे.

तेरा मार्चला जिल्ह्याच्या सभेत मला कुठेतरी उभं राहायचं आहे. माझ्या चौदा जणांना फोन केले. बहुतेकांचं म्हणणं, सिनेटरांकडेच जा. कदाचित जाईनही. पण कार्यालयातून फोन आला म्हणून नाही. संपाच्या वेळी तो माणूस काय करत होता, ते वाक्य तुमच्या तोंडून अर्धं राहिलंय. मला ते पूर्ण ऐकायचं आहे. ऐकून पटलं नाही, तर तसं तुम्हांला सांगेन. तुम्ही रागावलात तरी चालेल.

शनिवारी सकाळची बस पकडून मी मोलीनला येते. या पत्रातून माफी मागत नाही. बोलले होते तोंडाने, तर मागायचीही तोंडानेच, आणि ती द्यायची की नाही हे तुम्ही मला बघून ठरवा. नाही म्हणालात तर मी दुपारच्या बसने परत जाईन. पण तेवीसला तुम्ही कामावर या. तिकडे कुणी वेगळं वागणार नाही, याची मी चौकशी केली आहे.

आत्या, इथवर वाचून झालं असेल तर आता थांब. ते काही म्हणाले असतील, तर मला फोनवर सांगू नकोस. मी येऊन त्यांच्याकडूनच ऐकेन.

तुमची,
रेने